हाड 'कुजतं' की 'वठतं'?

माझ्या मामांच्या एमआरआयमध्ये दोन्ही खुब्यांत एव्हीएन (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस) हा हाडाचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, 'हाड कुजायला लागलंय.' आजीनं ते ऐकलं आणि पाय कापणार या धास्तीनं जेवण टाकलं. याला नीट मराठी शब्द कोणता? एका पत्रकात 'एक्सोसोम उपचार' असंही वाचलं, त्याला काय म्हणावं?

प्रतिसाद १
आजींना आधी सांगा, यात पू नाही, जंतू नाहीत. 'कुजणे' म्हटलं की ओल आणि दुर्गंध आठवतो. इथं मांडीच्या हाडाच्या गोळ्याला जाणारं रक्त आटतं, तेवढा भाग निर्जीव होतो आणि पुढे अंगाच्या भारानं खचतो. स्टिरॉइड, दारू, मार, सिकलसेल ही त्याची नेहमीची कारणं. पाणी तुटलेली फांदी कुजत नाही, वठते. म्हणून मी 'हाड वठणे' म्हणेन. 'अस्थिमृत्यू' पुस्तकात ठीक, रुग्णासमोर नको.

'खुबा' मात्र सोडू नका. लोक सर्रास 'कंबर दुखते' म्हणतात आणि तपासणी मणक्याकडे वळते. खुब्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं, कधी गुडघ्यातही.

प्रतिसाद २
एक्सोसोम : ग्रीक 'एक्सो' म्हणजे बाहेर, 'सोमा' म्हणजे शरीर. मॉन्ट्रिऑलच्या मॅक्गिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींवर काम करत होत्या. त्यांच्या १९८७च्या लेखामुळे हा शब्द रुळला. पेशीनं बाहेर सोडलेल्या या पिशव्या साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. आधी वाटलं, पेशी कचरा टाकते. पुढे कळलं, त्यांतून प्रथिनं आणि आरएनए दुसऱ्या पेशीपर्यंत पोचतात. पेशीच्या भागांसाठी लयकारिका, रिक्तिका हे शब्द शाळेत रुळले, तशी 'निरोपिका' का नको?

'उपचार' या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. मूलपेशींच्या एक्सोसोममुळे स्टिरॉइडनं वठलेल्या हाडात नव्या रक्तवाहिन्या फुटल्या, हे उंदरांमध्ये दिसलं आहे. माणसांत ते सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१९मध्ये अशा उत्पादनांबद्दल लोकांना सावध केलं होतं. पत्रकात 'प्रायोगिक' हा शब्द आहे का, ते आधी पाहा.

मूळ प्रश्नकर्ती
नाही, तो शब्द कुठेच नाही. आजीला 'वठलंय' म्हणून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, 'फुटवा येईल का गं?' सोमवारी डॉक्टरांना याच शब्दांत विचारणार आहे.