फुकटची पुस्तकं आणि पैजेचं वाचन: तुमचे अनुभव सांगा

परवा कपाट आवरताना एकाच कादंबरीच्या तीन प्रती हाती लागल्या. एक मी विकत घेतलेली, एक वाढदिवसाला आलेली आणि तिसरी... ती खरं तर मी सोडतीत देऊन टाकली होती. जिला लागली तिने पत्ता अर्धवट कळवला. पार्सल कुठे कुठे फिरून पुन्हा माझ्याच दारात आलं, चारही कोपरे चेपलेलं. पूर्ण पत्ता मागितला तर उत्तरच नाही. तीन वर्षं झाली, अजून तसंच पडलंय, चिकटपट्टीसकट.

पुस्तकांवर हौसेनं लिहिणारे आपण सगळे हे दोन उद्योग कधी ना कधी करून बघतोच. एक म्हणजे पुस्तकं वाटणं, दुसरा वाचनाची स्पर्धा लावणं. मी दोन्ही केलेत. वाटपानं नुसती गर्दी झाली, माणसं मिळाली ती दुसऱ्याच वाटेनं. हे सगळ्यांचंच होतं की माझंच नशीब, ते कळावं म्हणून हा धागा. दिलं, घेतलं, जिंकलं, हरलं, फसलं, काहीही चालेल. सुरुवात मीच करते.

पहिल्या वेळी अट एकच ठेवली होती, खाली नाव लिहा. १४० नावं आली. मी हरखले. त्यातल्या शंभरेक जणांनी आधी कधी एका शब्दानं विचारपूस केली नव्हती आणि निकालानंतरही केली नाही. गूळ संपला, मुंगळे गेले. चिठ्ठ्या भाच्याला उचलायला लावल्या, तर एकीनं कळवलं की फोटोत एक चिठ्ठी इतरांपेक्षा जाड दिसतेय! पुढच्या खेपेपासून रॅंडम डॉट ऑर्गवर आकडा काढायला लागले. १९९८ पासून चालू असलेलं ते संकेतस्थळ वातावरणातल्या रेडिओच्या खरखरीवरून आकडे काढतं. आता कुणाला भांडायचं असेल तर आभाळाशी भांडा.

दुसऱ्या वेळी अट बदलली. 'अर्ध्यावर टाकलेलं शेवटचं पुस्तक कोणतं, आणि नेमकं कुठल्या पानावर टाकलंत?' उत्तरं आली ११. एकीनं लिहिलं होतं की पुस्तक चांगलं चाललं होतं, पण ९० व्या पानावर नायिकेची आई जे औषध घेऊ लागते तेच त्या आठवड्यात माझ्या आईला सुरू झालं, मग पुढे वाचवेना. ते पुस्तक तिला लागलं नाही, दुसऱ्याच कुणाला लागलं. पण तिच्याशी माझं आजही बोलणं आहे. त्या अकरांतल्या सात जणांशी आहे.

*

धाग्यावर पहिला प्रतिसाद मीच देतो. माझा अनुभव स्पर्धेचा. मी भाबडेपणानं नियम केला, महिन्याभरात जो सर्वांत जास्त पुस्तकं वाचेल तो जिंकला. जिंकलेल्या गृहस्थांनी ६१ पुस्तकं वाचली. यादी मागवली तर ५० च्या वर लहान मुलांची चित्रपुस्तकं, ३२ पानी. तक्रार कशी करणार? नियम मीच लिहिलेला. त्या निमित्तानं ही पुस्तकं बहुतेक ३२ च पानांची का असतात ते मात्र समजलं. छपाईचा मोठा कागद दुमडून १६ पानांचा एक फर्मा होतो, दोन फर्मे झाले की ३२. म्हणजे त्यांनी शंभरच्या वर फर्मे वाचले असं म्हणू या.

पुढच्या वर्षी पानं मोजायची ठरवली. मग कुणीतरी मोठ्या टायपातली आवृत्ती घेतली. तीच कादंबरी माझ्याकडे २८० पानांची, त्यांच्याकडे ४३० ची. ऐकायच्या पुस्तकांची (ऑडिओबुक) पानं कशी मोजायची यावर चार दिवस काथ्याकूट झाला. मग मिनिटं मोजायची ठरली, आणि सगळं भरवशावर आलं. शेवटी स्पर्धाच मोडीत काढली. ज्यानं त्यानं वर्षाच्या सुरुवातीला आपला आकडा सांगायचा आणि आपल्याशीच खेळायचं. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर २०११ पासून वर्षाचं आव्हान असतं ते याच धर्तीचं. त्यातही डिसेंबर उजाडला की मी सडपातळ पुस्तकं शोधत हिंडतो, हे कबूल करून टाकतो.

*

आजवर जिंकलेली पुस्तकं २३. वाचलेली ४. विकत घेतलेलं मात्र वाचतेच, पैसे गेलेले असतात ना.

*

वरचं वाचून हसू आलं, पण माझी गोष्ट जरा वेगळी आहे. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. तिथे दहा पुस्तकं वाचली की बिल्ला, अशी योजना आम्ही लावली होती. पहिले दोन महिने कपाटं रिकामी. मग एक मुलगा पुस्तक परत करायला आला, त्याला सहज विचारलं, "कुत्र्याचं पुढे काय झालं?" तो म्हणाला, "कुठला कुत्रा?" मुखपृष्ठावर कुत्रा होता हो! त्याला रागावायचं माझं काही मनच झालं नाही. आम्ही मागितलं होतं ते त्यानं दिलं होतं, आकडा.

मानसशास्त्रातला एक प्रयोग तेव्हा आठवला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं आपणहून किती वेळ चित्रं काढतात ते पाहिलं, तर आधी आमिष दाखवलेली मुलं इतरांपेक्षा कमी रमत होती. न सांगता मिळालेल्यांच्या आवडीला काही धक्का लागला नव्हता.

मग आम्ही बिल्ले बंद केले. आता वर्षाअखेरीस मी कुणालाही, कशासाठीही एक पुस्तक देते. 'सगळ्यात चुरगळलेली वाचनखूण' म्हणून दिलं, 'एकच पुस्तक चारदा नेलं' म्हणून दिलं. कशासाठी मिळेल हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे खोटं वाचायला वावच नाही. कुत्रावाला मुलगा आता सातवीत आहे. वाचतो का, म्हणाल तर फारसा नाही. पण जे वाचतो त्यातलं सांगतो.

*

चोवीस तास वाचायच्या मॅरेथॉनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ड्यूई या टोपणनावानं पुस्तकांवर लिहिणाऱ्या एका बाईंनी ऑक्टोबर २००७ मध्ये ही सुरू केली. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. बाकीच्यांनी ती त्यांच्याच नावानं चालू ठेवली. मजा अशी की जगभर सगळे एकाच क्षणी सुरू करतात, त्यामुळे कुणाची पहाट, कुणाची संध्याकाळ.

मी एकदाच भाग घेतला. सोळाव्या तासाला 'तिने दार उघडले' हे वाक्य किती वेळा वाचलं देव जाणे. दर वेळी ती दार उघडायची आणि माझे डोळे मिटायचे. तेवढ्यात कुठल्या तरी अनोळखी माणसाचा निरोप आला, "इकडे पाऊस आहे, मीही त्याच पुस्तकात आहे, १५२ व्या पानावर भेटू." काही जण न वाचता फक्त असे निरोप धाडून इतरांना जागं ठेवायचं काम करतात. स्पर्धेतली मला सगळ्यात आवडलेली माणसं ती. एकूण ४१२ पानं झाली. तिसऱ्या पुस्तकातलं काही म्हणजे काही आठवत नाही, ते पुन्हा वाचावं लागणार आहे. दार मात्र पक्कं लक्षात आहे.

*

दुसऱ्या बाजूनं लिहितोय. माझ्या पहिल्या कादंबरीच्या ५० प्रती मी वाचणाऱ्यांना वाटल्या. अभिप्राय आले सहा. पाच गोड होते, माझ्या बायकोनंही इतके गोड दिले नसते. सहावा चार ओळींचा. 'सातव्या प्रकरणात वारलेले काका चौदाव्या प्रकरणात लग्नाला आलेत, आणि अहेरही करतात.' मी, संपादक, मुद्रितशोधक, कुणाच्याही नजरेला न आलेले काका! दुसऱ्या आवृत्तीत त्यांना लग्नातून काढलं, अहेर आत्याच्या हातून केला. ५० प्रती वाटल्याचे पैसे तिथे वसूल झाले.

बाकी ४४ जणांवर माझा राग नाही. पुस्तक देणं म्हणजे माणसाला आठ-दहा तासांचं काम देणं, हे तेव्हा डोक्यातच आलं नव्हतं.

*

याला जोडूनच. मला प्रकाशनाआधीच्या प्रती येतात, वर 'विक्रीसाठी नाही' छापलेल्या. पहिली आली तेव्हा कोण आनंद! मग लिहायला बसले आणि हात आखडला. पुस्तक बरं नव्हतं. पाठवणाऱ्यांनी सोबत हस्ताक्षरात चिठ्ठी पाठवली होती. मी 'भाषा प्रवाही आहे' असं लिहिलं. भाषा प्रवाही आहे असं आपण कधी लिहितो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता पहिल्याच ओळीत लिहिते की हे पुस्तक मला फुकट आलंय. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं २००९ सालीच आपल्या मार्गदर्शक सूचनांत हे घातलं. फुकट वस्तू मिळवून तिच्याबद्दल लिहिणाऱ्यानं ते उघड सांगावं, पुस्तकांवर लिहिणारे हौशीही त्यातून सुटले नाहीत. सांगून टाकलं की एक गंमत होते. वाचणारा आपणहून थोडं हातचं राखून वाचतो, आणि मला खरं लिहिणं सोपं जातं. चिठ्ठ्या मात्र बंद झाल्या.

*

एक सावधगिरीचं. आमच्या गटात कुणीतरी सुचवलं की टपालखर्चापुरते थोडे पैसे प्रत्येकाकडून घ्यावेत आणि मग सोडत काढावी. गटातल्या वकीलबाई कडाडल्या. पैसे घेतले, विजेता नशिबावर ठरवला आणि बक्षीस दिलं, की पुष्कळ देशांच्या कायद्यात ती लॉटरी होते, आणि लॉटरी कुणीही उठून चालवायची नसते. यातली एक गोष्ट काढून टाका, पैसे तरी किंवा नशीब तरी. कॅनडात तर सोडतीत नाव निघालेल्याला बक्षीस हातात पडण्याआधी गणित सोडवावं लागतं, म्हणजे नुसतं नशीब नको, थोडं कौशल्यही दिसावं! आम्ही पैसे काढून टाकले. टपालखर्च देणाऱ्याचा. तेव्हापासून देणारे कमी आणि पुस्तकं पातळ झालीत, ते वेगळं.

*

मी सोडत वगैरे काढत नाही, पुस्तकं सोडून देतो. बुकक्रॉसिंग म्हणून २००१ पासून एक प्रकार आहे. पुस्तकाची नोंद करून मिळालेला क्रमांक आत चिकटवायचा आणि ते बाकावर, प्रतीक्षालयात, कुठेही ठेवून निघून जायचं. ज्याला सापडेल त्यानं वाटलं तर तो क्रमांक टाकून कळवायचं. वाटलं तर, हे महत्त्वाचं. मी १८ सोडली, खबर आली दोघांची. त्यातलं एक सहा वर्षांनी. कळवणाऱ्यानं आतल्या पानाचा फोटो पाठवला. पानावर तीन वेगळ्या हातांच्या खुणा होत्या. निळ्या शाईनं एका वाक्याखाली रेघ मारलेली, हिरवीनं शेजारी 'का?' असं विचारलेलं आणि त्याखाली पेन्सिलीनं 'पान २०१ पहा'. म्हणजे मधे निदान तिघांनी वाचलं आणि एकानंही कळवलं नाही. मी २०१ वं पान बघायला दुसरी प्रत शोधली. ती वेगळी आवृत्ती निघाली, पानं जुळेनात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, पाहून घ्यायला हवा होता, आवृत्ती वेगळी की तोही वेगळा. अजून शोधतोय.

*

सगळ्यांचं वाचलं, पण मूळ लेखातले ते चारही कोपरे चेपलेले मला सोसवेनात, म्हणून लिहिते. दर महिन्याला दोन-तीन पार्सलं पाठवते, एकाचाही कोपरा आजवर चेपला नाही. पुस्तक आधी प्लास्टिकमध्ये, ओल लागू नये म्हणून. मग जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे, पुस्तकापेक्षा बोटभर मोठे, वरून एक खालून एक. कोपरे पडतात ते पुस्तक आत हलतं म्हणून, तेव्हा मधली फट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून भरायची. हलवून बघायचं, आवाज आला तर उघडून पुन्हा बांधायचं. पत्ता वर लिहायचा तसाच एका चिठ्ठीवर लिहून आतही टाकायचा, वरचा कागद फाटला तर उपयोगी पडतो. आणि पत्ता मागताना फोन नंबरही मागायचा, तुमचं तेच राहिलं बहुतेक.

आणि ते पार्सल आधी उघडा हो. तीन वर्षं बांधून ठेवलेल्या पुस्तकाला कुबट वास लागतो.