एम.ए. इतिहास : मार्क साठच्या आसपासच अडकलेत, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी,

बी.कॉम. करून बारा वर्षं नोकरी केली आणि आता हौसेने मराठी माध्यमातून एम.ए. इतिहासाला बसलेय, दोन सेमिस्टर झाली आणि मार्क ५६, ५८, फार तर ६१. अभ्यास कमी म्हणावं तर रोज पहाटे दोन तास बसते, नोट्सच्या चार वह्या भरल्यात, पुस्तकं हायलायटरने पिवळीधम्मक झालीयत (लायब्ररीची नाही हो, स्वतःची).

उदाहरण देते. '१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांच्या कारणांची चिकित्सक चर्चा करा' असा प्रश्न होता (म्हणजे पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्धचा उठाव). मी आठ कारणं लिहिली, प्रत्येकाला हेडिंग, खाली रेघ, सावकारी, शेतसारा, दुष्काळ, कापसाचे भाव, कोर्टकचेऱ्या, सगळं आलं. १५ पैकी ८. सरांना विचारलं तर म्हणाले माहिती आहे हो, पण तुमचं म्हणणं कुठाय? आता परीक्षेत माझं म्हणणं कोण विचारतंय, आणि मी कोण एवढी लागून गेले? कॉमर्सला ताळेबंद जुळला की मार्क, इथे नक्की काय जुळवायचं तेच कळत नाहीये. ज्यांना पंच्याहत्तरच्या वर पडतात ते लोक वेगळं काय करतात?

प्रतिसाद १
अक्षर सुधारा आणि पुरवण्या जोडा. आमच्या वेळी पुरवणी वजनावर मार्क होते 😀

प्रतिसाद २
ताई, वरच्यांचं मनावर घेऊ नका. मी काही वर्षं हाच पेपर शिकवलाय. तुमची आठ कारणं म्हणजे किराणाची यादी झाली, त्यातलं कुठलं जड आणि कुठलं कशामुळे आलं ते तपासणाऱ्याने ओळखायचं का?

हेच जोडून बघा. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध, तिकडचा कापूस बंद म्हणून इकडे भाव चढले आणि सावकार उधार द्यायला एका पायावर तयार. युद्ध संपलं, भाव पडले, सावकाराने हात आखडता घेतला आणि नेमकी त्याच सुमाराला सरकारने तीस वर्षांनी फेरआकारणी करून सारा वाढवला. कापूस, सारा, सावकार ही तीन वेगळी हेडिंगं राहिलीच नाहीत, एकच गोष्ट झाली. आता १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी काय जाळलं? सावकारांच्या हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे. म्हणजे राग नुसता माणसावर नव्हता, कोर्टात उभ्या राहणाऱ्या कागदावर होता. हे एक वाक्य तुमचं म्हणणं म्हणून सुरुवातीलाच टाका आणि पुढचं सगळं त्याला धरून लिहा.

मग विरुद्ध बाजू घ्या. दंग्यांच्या चौकशीला नेमलेल्या सरकारी कमिशनने सावकाराला दोषी धरून साऱ्याला मोकळं सोडलं, तर हा अहवाल लिहिणारा कोण हे विचारा. इतिहासकार नील चार्ल्सवर्थने १९७२ मध्ये एका लेखात या दंग्यांचं महत्त्व फुगवलेलं आहे असं मांडलं, ते पटतं का नाही आणि का, चार ओळी. चिकित्सक म्हणजे एवढंच.

आणि दुष्काळ कुठून आणलात? तो मोठा दुष्काळ १८७६-७८ चा, दंगे त्याच्या आधीचे. हायलायटरने हे असं होतं, ओळ पिवळी होते पण साल डोक्यात जात नाही. धडा वाचला की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून ताडून बघा. आठवड्याला एक उत्तर घड्याळ लावून हाताने लिहा, आणि ते सरांना दाखवाच, लाजू नका.

धागाकर्ती
बापरे, दुष्काळाचं वाचून कानाला खडा. रविवारी हेच उत्तर परत लिहून बघते. फक्त एक सांगा, चार्ल्सवर्थ वगैरे मराठीत कुठे मिळेल का? माझं इंग्रजी ऑफिसच्या मेलपुरतंच आहे, एक पान वाचायला अर्धा तास जातो.

प्रतिसाद २
मूळ लेख इंग्रजीतच आहे. पहिली दोन आणि शेवटची दोन पानं वाचा, लेखकाचा दावा बहुतेक तिथेच असतो. चार पानांना दोन तास, म्हणजे तुमची एक पहाट.