फ्रिगेटवर ७० किमीचं क्षेपणास्त्र असताना हेलिकॉप्टर कशाला?

खानापूरकर:
कारवारच्या टागोर किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली 'चपल' ही क्षेपणास्त्र नौका बघितली की हिशेब सरळ वाटतो: चार क्षेपणास्त्रं, ३० मिमीच्या दोन जोडतोफा, विषय संपला. जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आलेल्या 'निलगिरी' या फ्रिगेटवर, म्हणजे मोठ्या युद्धनौकेवर, विमानं-क्षेपणास्त्रं पाडणारं ७० किमीचं एमआरएसएएम आहे, जहाजांवर मारायचं ब्राह्मोस आहे, चारी बाजूंना बघणारं एमएफ-स्टार रडार आहे, नाकात पाण्याखाली आवाजानं शोध घेणारा सोनार आहे. तरी पाठचा एवढा मोठा भाग हेलिकॉप्टरच्या डेकला आणि हँगरला दिलाय. तिथं अजून क्षेपणास्त्रं बसली नसती काय? जाणकारांनी आकड्यांसकट सांगा की.

उद्यमबाग_मायक्रॉन:
रडारची लाट जवळजवळ सरळ जाते, पृथ्वी मात्र खाली वळते. अँटेना आणि लक्ष्य, दोन्हींच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. अँटेना २५ मीटरवर, लाटांना घासत येणारं क्षेपणास्त्र ५ मीटरवर: (५ + २.२४) × ४.१२, म्हणजे ३० किमी. रडार कितीही ताकदीचं आणा, त्यापलीकडे ते दिसणारच नाही. तुमचे ७० किमी उंचावरच्या विमानासाठी खरे.

सेकंदाला ३०० मीटरनं येणारं क्षेपणास्त्र हे अंतर १०० सेकंदांत कापतं, ९०० मीटरनं येणारं ३३ सेकंदांत. समोरचा ठिपका खरा की लाटांवरून परतलेला खोटा प्रतिध्वनी, हे ठरवण्यात १० सेकंद गेले तर दुसऱ्या प्रकारात ९ किमी तिथंच गेले.

तीच अँटेना ३,००० मीटरवर न्या: २३५ किमी. राजहंसगडावरून जे दिसतं ते येळ्ळूरच्या शिवारातून दिसत नाही, तसंच. तलवार वर्गाच्या फ्रिगेटवरून उडणारं कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर याच कामाचं. पोटाखाली ६ मीटरची अँटेना घडी करून असते. हवेत गेल्यावर ती खाली उघडते, आड येऊ नयेत म्हणून चाकं वर घेतात, आणि १० सेकंदांत एक फेरी होते.

ब्राह्मोसलाही हे डोळे लागतात. २९० किमी जायला त्याला ५ मिनिटं लागतात. ३० नॉटनं, म्हणजे ताशी साधारण ५५ किमीनं, पळणारं जहाज तेवढ्यात साडेचार किमी सरकतं, तेवढं क्षेपणास्त्राच्या नाकातला लक्ष्य शोधणारा सीकर सांभाळून घेतो. पण ठावठिकाणाच अर्ध्या तासापूर्वीचा असेल तर जहाज २८ किमी कुठल्याही दिशेला गेलेलं असू शकतं. मग क्षेपणास्त्र वाया.

निपाणीचा_सोनार:
मायक्रॉन अण्णांचं उत्तर हवेतल्या धोक्याचं झालं. माझ्या मते फ्रिगेटला हेलिकॉप्टर हवं ते आधी पाणबुडीसाठी, बाकी सगळं नंतर.

पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो; पाणी एक अंश तापलं की वेग सुमारे ३ मीटरनं वाढतो. आवाज नेहमी कमी वेगाच्या, म्हणजे थंड पाण्याकडे वळतो. एप्रिल-मेत वारा पडलेला असला आणि ऊन कडक असलं की वरचा थर तापतो, आणि जहाजाच्या नाकातल्या सोनारचा आवाज खाली वाकतो. पुढे जो सावलीचा पट्टा तयार होतो, त्यात पाणबुडी निवांत राहते. सकाळी चांगला चाललेला सोनार दुपारी आंधळा होतो, तो यामुळं. सेटवर उगाच दोष काढत बसू नये.

नौदलाचं एमएच-६०आर हेलिकॉप्टर तारेला बांधलेला सोनार थेट त्या तापलेल्या थराखाली सोडतं, ऐकतं, ओढून घेतं, पुढे उडी मारतं. पाणबुडीला पुढची डुबकी कुठं पडणार ते कळत नाही आणि हेलिकॉप्टरवर टॉर्पेडोही मारता येत नाही. अशी २४ घेतलीत. पहिलं स्क्वाड्रन, ३३४, मार्च २०२४ मध्ये कोचीला उभं राहिलं.

दुखणी दोन. तरंगताना हेलिकॉप्टर सरकलं की तार तिरकी होते, मग सोनार सोडताही येत नाही, नीट ऐकूही येत नाही. दुसरं मीठ. पंख्याच्या वाऱ्यानं उडालेले तुषार इंजिनात जातात, हवा दाबणाऱ्या कंप्रेसरच्या पात्यांवर मिठाचा थर बसतो, आणि तेवढ्याच ताकदीला टर्बाइनचं तापमान चढतं. म्हणून उड्डाणं आटोपली की गोड्या पाण्यानं इंजिन धुतात. पाणी कमी पडतंय म्हणून हे टाळलं की गंज ठरलेला.

खानापूरकर:
सूत्र वहीत उतरवलं. भर पावसाळ्यात डेकवर उतरतात कसे? आणि सगळं चुकलं तर जवळ आलेलं क्षेपणास्त्र पाडायला एके-६३० ही भराभर झाडणारी तोफ आहेच की?

उद्यमबाग_मायक्रॉन:
वारा अगदी समोरूनच हवा असं नाही. प्रत्येक जहाज-हेलिकॉप्टर जोडीचा तक्ता असतो: कुठल्या कोनातून किती वारा, किती डोलणं चालेल. त्यात बसेपर्यंत जहाजच वळवतात. खरा त्रास हँगरच्या आडोशाला होतो. तिथं वारा घुसळतो, आणि चिमणीची गरम हवा ओढली गेली की इंजिनाची ताकद ऐन उतरताना कमी पडते. चाकं टेकली की हेलिकॉप्टर जागेवर पकडून ठेवतात, मग साखळ्या.

एके-६३० वर फार विसंबू नका. मिनिटाला ५,००० गोळ्या आणि पेटीत २,०००, म्हणजे सलग झाडली तर २४ सेकंदांत रिकामी. म्हणून छोट्या फैरी. शिवाय एक किमीवर क्षेपणास्त्र फुटलं तरी तुकडे त्या वेगाच्या भरात पुढे येतात. ते आदळतात बहुतेक रडारच्या अँटेनांवर, डेकवर उभ्या हेलिकॉप्टरवर.