मदत हवी आहे : कोकण रेल्वेवर रो-रो आणि डिझेल इंजिन कुठे बघता येईल?

नमस्कार मंडळी. मी दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. दिवाळीनंतर भाच्याला घेऊन बडनेऱ्याहून नागपूर-मडगाव गाडीने चिपळूणला जायचा बेत आहे. भरलेले ट्रक पाठीवर घेऊन धावणारी रो-रो त्याला बघायचीच आहे, आणि तीही डिझेल इंजिनाची. त्या इंजिनाचा घरघराट त्याने मोबाईलवर ऐकून ऐकून पाठ केलाय.

अडचण अशी, की मार्च २०२२ मध्ये रोहा ते ठोकूर, म्हणजे अख्ख्या कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं, म्हणून जुने व्हिडिओ बघून आताचा अंदाज येत नाही. एनटीईएसवर (रेल्वेच्या गाडी-चौकशी सेवेवर) प्रवासी गाडी कुठवर आली ते कळतं, इंजिन कोणतं ते नाही. मालगाड्या तर त्यात नसतातच.

आमच्याकडे गाडी नाही, त्यामुळे डोंगरात, पुलाखाली जाणं जमणार नाही. फलाट तिकीट काढून फलाटावरूनच बघू; पोरगा सोबत आहे, रुळांकडे फिरकणार नाही. रोहा-वीर दुहेरी झालंय, म्हणून त्यापुढचं, एकेरी मार्गावरचं स्टेशन हवंय, जिथे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला (क्रॉसिंगला) थांबावं लागतं.

हल्ली रो-रोला डिझेल इंजिन लागतं की विजेचं? आणि चिपळूण ते रत्नागिरीदरम्यान कोणत्या स्टेशनात ती दिवसाउजेडी क्रॉसिंगला थांबते?