मारुती ८००चा फ्लोअर गंजलाय, दोन महिन्यांनी पासिंग आहे, पुटी मारू की पत्रा कापू?

वाशिष्ठीकाठ:
नमस्कार मंडळी, चिपळूणहून लिहितोय. आमची ८०० २०११ची आहे, एमएच ०८, १५ वर्षं होतायत म्हणून आरसी रिन्यू करायचीय. गाडी जुलै २०२१च्या पुरात बुडाली होती, तेव्हा इंजिन वायरिंग सीटा सगळं केलं पण खालच्या पत्र्याकडे बघायचं राहूनच गेलं. परवा ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर ओलं लागलं, स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला, भोकातून अंगणातले चिरे दिसायला लागले. डाव्या दाराच्या खालच्या कडेला पण कलरला फोड आलेत. एक डेंटर म्हणतो फायबरची जाळी लावून वर पुटी मारतो, ७ हजारात काम होईल. दुसरा म्हणतो कापून नवीन पत्रा लावायला लागेल, १८ हजार. बाबांनी घेतलेली पहिली गाडी आहे, भंगारात घालायची नाहीये. पासिंगपुरतं काय पुरेल?

पत्राकाम_कोल्हापूर:
दादा, फ्लोअरला पुटी अजिबात मारू नका. पासिंगपुरतं असा विचारच करू नका, त्या फ्लोअरवर तुमची सीट बसलीय, बेल्टचा बोल्ट जिथे जातो तिथला पत्रा पण ठोकून बघा. पुटी ओल धरते, आतला गंज चालूच राहतो आणि एका पावसाळ्यात सगळं फुगून वर येतं. गंज कापत कापत चांगला पत्रा लागेपर्यंत जायचं, कडक आवाज येतो तिथे थांबायचं, मग २० गेजचा तुकडा बसवून सीओटू वेल्डिंगने थोडं इथे थोडं तिथे असे टाके मारायचे. गॅस वेल्डिंग नको, पातळ पत्रा तापून वाकतो. वेल्डिंगच्या कडेला कलर जळतो आणि तिथूनच परत गंज धरतो, त्यामुळे वरून खालून दोन्हीकडून घासून एपॉक्सी प्रायमर, सांध्यावर सीलंट आणि मग अंडरबॉडी कोटिंग, हाच क्रम ठेवा. नुसता रेड ऑक्साईड प्रायमर ओल अडवत नाही.
आणि हे समोर उभं राहून करून घ्या: बॅटरीची वायर काढायची, कारपेट आणि खालचा फोम पूर्ण बाहेर, पेट्रोलची लाईन गाडीच्या पोटाखालून जाते ती बाजूला केल्याशिवाय ठिणगी पडता कामा नये.

घाटमाथा:
मी मागच्या वर्षी रिन्यू केली, १५ वर्षांची पेट्रोल गाडी. ५००० फी, शिवाय पर्यावरण कर, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू पाहिजे, जुनी नंबरप्लेट असेल तर एचएसआरपी, म्हणजे नवीन हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, आधी बसवून घ्या. मुदत संपायच्या ६० दिवस आधी अर्ज करता येतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.
सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेसिस नंबर, बॉनेटच्या आत पत्र्यावर कोरलेला असतो तो. माझ्या पेंटरने बॉनेटच्या आत पण प्रायमर मारला, नंबरचे आकडे भरून गेले, इन्स्पेक्टरला वाचता येईना, गाडी परत पाठवली. मग थिनर आणि फडक्याने एक एक आकडा मोकळा करत बसलो, दुसरा दिवस गेला. तुम्ही कामाला टाकतानाच त्यावर मास्किंग टेप लावा. गंज असेल तर हाताने हलकं पुसा, ग्राइंडर तिथे जाऊच देऊ नका, आकडा घासला गेला तर गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत फिरावं लागेल.

समुद्रावरचा:
गुहागरात राहतो, खारं वारं आहे म्हणून गंजाशी कायमची ओळख. दाराला फोड आलेत म्हणजे गंज आतून आलाय, बाहेरून घासून उपयोग नाही. दाराच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती माती पाल्याने बुजतात आणि पाणी आत साचतं. तुमच्या गाडीत तर पुराचा गाळ आहे, रनिंग बोर्डच्या, म्हणजे दाराखालच्या पट्टीच्या पोकळीत नक्की बसला असणार. तार घालून मोकळं करा, पाईपने धुवा, आठवडाभर उन्हात दारं उघडी ठेवून सुकवा आणि मगच वेल्डिंग. शेवटी आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारून घ्या. काही लोक काळं ऑईल ओततात, ते नको, रबर खराब होतं आणि वेल्डिंगच्या आधी ओतलं तर पेटायची भीती.
कारपेट ओलं का होतंय ते पण शोधा, काचेखालची जाळी नाहीतर दाराचं बीडिंग, नाहीतर नवीन पत्रा पण तसाच जाईल.

वाशिष्ठीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी रनिंग बोर्डच्या भोकात तार घातली तर वाळलेला राखाडी गाळ पडायला लागला, टोकरत गेलो तर अर्धं घमेलं भरलं. इतकी वर्षं तो आतच होता. आईने बघितलं आणि ती गप्पच झाली, त्या रात्री आम्ही सगळे माळ्यावर होतो. समोरच्या काचेवर पाणी मारून बघितलं, डाव्या कोपऱ्यातून आत उतरतंय, ते पण करून घेतो. १८ हजारवाल्याकडेच टाकतोय, गाडी सुकली की. नंबरवर टेप आत्ताच लावली.