मदत हवी आहे: बेक जी-यंगचं 'गू यॉजा' भाचीला शिकवायचंय

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत सुगम संगीताच्या शिकवण्या घेते. भावगीत, नाट्यपद, अभंग यात माझा हात बसलेला आहे. कोरियन गाण्याशी मात्र गेल्या वर्षापर्यंत काडीचा संबंध नव्हता, म्हणून इथे विचारतेय.

माझी भाची शिकायला माझ्याकडेच राहते. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात वरच्या सा ला तिचा आवाज फाटला. कुणीतरी नेमका तेवढाच तुकडा कापून ग्रुपवर फिरवला. तेव्हापासून पोरीने तोंडातून सूर काढलेला नाही. मी तंबोऱ्याचं ॲप लावलं की उठून आत जाते. पण रात्री कानात इयरफोन घालून एकच बाई ऐकते, कोरियन गायिका बेक जी-यंग. शेवटी मीही ऐकायला बसले.

आता मला या बाईंबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. १९९९ साली त्या आल्या त्या नाचाची गाणी घेऊन, लॅटिन ठेक्यावरची. पुढच्या वर्षी 'डॅश' गाजलं. आणि २००० च्या अखेरीस त्यांचं खाजगी चित्रीकरण इंटरनेटवर पसरवलं गेलं. त्यामागे होता त्यांचाच जुना मॅनेजर. आणि पत्रकारांपुढे रडत माफी मागावी लागली ती कुणाला, तर या बाईंना! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढची काही वर्षं टीव्हीची दारं जवळजवळ बंद झाली. त्या परतल्या २००६ मध्ये, 'सारांग आने' (म्हणजे 'प्रेम करणार नाही') हे संथ गाणं घेऊन. नाच नाही, झगमगाट नाही. बाई उभी राहून गायली आणि गाणं पहिल्या नंबरावर गेलं.

भाचीचं दुःख आणि त्यांचं दुःख एका मापाचं नाही, मला कळतं. पण ती त्यांनाच का ऐकते हेही कळतं. तिच्याशी त्याबद्दल मी एक अक्षर बोललेले नाही.

आता गायकीबद्दल. त्यांचं 'गू यॉजा' हे मालिकेतलं गाणं मी रोज ऐकतेय. मुखडा अगदी खालच्या सुरात, शेजारी बसून सांगितल्यासारखा. शब्द संपताना सूर धरून ठेवत नाहीत, श्वासात सोडून देतात. तो श्वास ऐकू येतो. आमच्याकडे विद्यार्थ्याचा श्वास माईकवर आला तर मी टोकते, इथे तोच गाण्याचा भाग आहे. आवाजात मुळातच घोगरेपणा आहे, तो लपवायला जात नाहीत. हरकती, मुरक्या जवळपास नाहीत. मी सरगम लिहून काढली, पेटीवर वाजवली. सूर सगळे बरोबर आले, पण गाणं आलं नाही.

तर मदत अशी हवी आहे. एक म्हणजे उच्चार. देवनागरीत लिहून घेतलंय, पण काही स्वर आपल्या बाराखडीत सापडतच नाहीत. दुसरं, कराओके ट्रॅक, दोन पट्ट्या खाली उतरवलेला. वरच्या सुराची तिला भीती बसली आहे. आणि तिसरं, मालिकांसाठी त्यांनी गायलेली अजून कोणती गाणी आधी ऐकावीत?

प्रतिसाद १

ताई, मी पुण्यात कोरियन शिकतेय, तेव्हा उच्चारांचं सांगते. 'गू' मधला स्वर आपला उ नाही. 'ई' म्हणताना ओठ ताणतो तसे ठेवा आणि आतून 'उ' म्हणायचा प्रयत्न करा. ओठ गोल झाले की चुकलं. 'यॉ' मध्ये 'ऑफिस'चा ऑ आहे, फक्त ओठ इतके गोल नकोत. 'जा' हा 'जीव'मधल्या ज चा, 'जाड'मधल्या ज चा नाही. इथे आपण मराठी माणसं हमखास घसरतो. च चंही तसंच, 'चार'चा घ्या, 'चाक'चा नको.

आणि 'सारांग' च्या शेवटी ग नाही! 'वाङ्मय'मधल्या ङ पर्यंत जायचं आणि तिथेच थांबायचं. क, ट, प शब्दाच्या शेवटी आले तरी असंच, जीभ किंवा ओठ जागेवर टेकवायचे, पण फोडायचे नाहीत.

प्रतिसाद २

'गू यॉजा' म्हणजे 'ती बाई'. 'सीक्रेट गार्डन' या मालिकेतलं, नोव्हेंबर २०१० ते जानेवारी २०११, शनिवार-रविवार, २० भाग. नायक-नायिकेच्या शरीरांची अदलाबदल होते अशी गोष्ट. त्यातल्या नायकाने, ह्यून बिनने, हेच गाणं पुरुषाच्या बाजूने 'गू नामजा' म्हणून गायलंय. भाचीला दोन्ही ऐकवा.

तिकडे मालिकेची गाणी सगळी एकदम येत नाहीत. मालिका चालू असताना एकेक करून बाहेर येतात. आठवडाभर लोक तेच गाणं ऐकतात आणि पुढच्या भागात ऐन प्रसंगी ते वाजलं की गलबलून येतं. बेक जी-यंग यांचा आवाज अशा जागेसाठी फार मागितला जातो. २००९ च्या 'आयरिस'मधलं 'इत्ची मारायो' ('विसरू नकोस') नक्की घ्या. मालिकेबाहेरचं 'छोंग माजुन गॉत्छॉरॉम' ('गोळी लागल्यासारखं') २००८ चं, चाल बांग शी-ह्योक यांची, म्हणजे ज्यांनी पुढे बीटीएस हा कोरियन पॉप गट उभा केला ते. एप्रिल २०१८ मध्ये दक्षिण कोरियाचे कलाकार उत्तर कोरियात, प्योंगयांगला गेले होते, तेव्हा बाईंनी हीच दोन गाणी तिथे गायली. किम जोंग-उन समोर बसलेले होते.

प्रतिसाद ३

मॅडम, मी ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतो. दोन पट्ट्या खाली नेऊ नका. मुखडा आधीच खाली आहे, आणखी उतरवला तर शब्द घशातच राहतील. एकच पट्टी उतरवा. भीती वरच्या जागेची असेल तर ती जागा आधी पूर्ण आवाजात घेऊच नका, हलक्या आवाजात घेऊ द्या. आणि पहिले काही दिवस पेटी बंद ठेवा. पेटी प्रत्येक सूर सुटा करून दाखवते, या गाण्यात तो शब्दाला चिकटून येतो. आधी शब्द नुसते वाचायला लावा, बोलल्यासारखे.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. पेटी चार दिवस झाकून ठेवली आहे.

काल संध्याकाळी मेथी निवडत मी एकटीच 'सारांग, सारांग' घोकत होते. दर वेळी शेवटी ग येत होता. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "मावशी, ग नाही गं." मी म्हटलं, मग कसं? तिने तिथूनच म्हणून दाखवलं. सुरात. एकच शब्द, आणि पुन्हा इयरफोन घातले.

एक पट्टी उतरवलेला ट्रॅक कुणाकडे असेल तर कृपा करून आजच द्या.