मदत हवी आहे: झडीत तंबू आतून ओला होतोय, गळती की अजून काही?

नमस्कार मंडळी. पोळ्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी जालन्याहून गौताळा अभयारण्याला निघतोय. सोबत बहीण आणि तिची दोन पोरं. शनिवारी पितळखोऱ्याची लेणी, रविवारी नाक्यावर नोंद करून केदारकुंड धबधब्यापर्यंत पायी. अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, म्हणून तंबू कन्नडकडे मावसभावाच्या शेतात लावणार.

तंबू चार माणसांचा, नवाच. परवा झड लागली होती तेव्हा मुद्दाम गच्चीवर लावून आत झोपलो. पहाटे छताला आतून हात लावला तर तळहात ओला, झोपायच्या पिशवीचं पायाकडचं टोक दमट. पण तळाचं कापड कोरडं, कोपऱ्यात पाण्याचा थेंब नाही. दुकानदार म्हणतो शिवण गळत असेल, दुसरा घ्या. त्याचं काय जातंय म्हणायला! कापडावर ३००० मिमी लिहिलंय, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब ते सोसतं. मग हे पाणी येतंय कुठून?

दुसरं, जागा. शेत निव्वळ काळी माती, ओली झाली की चपलेला किलोभर चिकटते आणि खुंट्या धरत नाही. भाऊ म्हणतो ओढ्याकडच्या मुरमाड पट्टीवर लावा. नाहीतर बांधावर मोठा लिंब आहे, त्याखाली. आमच्या बहिणीला साप-विंचवाचं काही नाही, फक्त विजेची भीती. काय करावं?

प्रतिसाद १
ताई, तंबू बदलू नका. रात्रभर चार जणांच्या श्वासाची वाफ थंड कापडाला लागून तिचं पाणी होतं. ओळखायची खूण सोपी: शिवण गळत असेल तर शिवणीच्याच रेषेत ओल उतरते, वाफ असेल तर सगळं छत सारखंच घामेजतं. पाऊस असला तरी वरच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, बाहेरचं कापड ताणून बांधा, आतल्याला टेकू देऊ नका. पायाकडची पिशवी भिजली ती कापडाला टेकल्यामुळेच. ओले कपडे आत वाळत घालू नका. आणि खाली मेणकापड अंथरणार असाल तर ते तंबूच्या कडेबाहेर अजिबात येता कामा नये. बाहेर आलं की पावसाचं पाणी गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली आणतं.

प्रतिसाद २
मी कन्नडचाच. ओढ्याची पट्टी विसरा. शेतात उघडीप असली तरी वर डोंगरात पाऊस झाला की ओढा रात्रीतून चढतो, झोपेत कळत नाही. लिंबाखाली तर नकोच, वीज एकट्या उंच झाडावर आधी येते. आखाड्याजवळ (शेतातल्या गोठ्या-झोपडीपाशी) चढावर जागा बघा, वरच्या अंगाला वीतभर चारी काढा. तारेच्या खुंट्या घरी ठेवा, बाभळीच्या हातभर लांब खुंट्या तासून घ्या. गडगडाट ऐकू आला की तंबू सोडून गाडीत बसा, काचा लावा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर येऊ नका. उघडा पत्र्याचा शेड त्या कामाचा नाही. मोबाईलवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप घ्या, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं आहे.

धागाकर्ती
दोघांचे आभार. दादा, ओढ्याचं भावाला सांगितलं तर म्हणे, 'आमच्या ओढ्याला कधी पूर आला?' त्याला आता बहीण बघून घेईल. आखाड्याजवळ उकिरडा आहे, वास येणार, पण चालेल. सकाळी गाडी शेताच्याच रस्त्याने काढायची आहे, तर ती शेतात घ्यावी की डांबरी कडेला ठेवावी? आणि केदारकुंडाच्या वाटेवर शेवाळलेल्या दगडांवर पोरांना बूट बरे की रबरी तळाच्या सँडल? धाकटीकडे शाळेचेच बूट आहेत.